सातारा जिल्हा नकाशावर एकाच रंगात. शेळ्या-मेंढ्यांची साथ मात्र फिरते बाजाराच्या आणि वाड्याच्या वाटेने

लोणंदच्या गुरुवारच्या बाजारात सकाळी विकलेली शेळी संध्याकाळी कुठे असते? एखादी खंडाळ्यातच राहते. एखादी पिकअपमध्ये बसून पुण्याच्या बाजूला जाते. बोकडं खाटकाकडे जातात. आणि दोन-चार शेळ्या माण-खटावमधल्या एखाद्या वस्तीवर, ज्या घराने पहिल्यांदाच शेळीपालन सुरू केलंय तिथल्या दावणीला बांधल्या जातात. यातल्या एकीच्या नाकातून पाणी येत असेल, तर एका दिवसात तो आजार चार तालुक्यांत पोहोचलेला असतो. कुणाला पत्ताही लागत नाही. आठ-दहा दिवसांनी जेव्हा करडं मरायला लागतात, तेव्हा ‘हवा बदलली’ असं म्हणून विषय संपतो.

शेळ्या-मेंढ्यांच्या साथीचा धोका आधीच नकाशावर दाखवता येतो का, यावर देशात बरंच काम झालेलं आहे. प्रश्न असा आहे की तो नकाशा वाडीवरच्या माणसाच्या कितपत कामाचा आहे.

बंगळूरला भारतीय कृषी संशोधन परिषदेची ‘निवेदी’ नावाची संस्था आहे. जनावरांच्या साथींचा अभ्यास हेच तिचं काम. ही संस्था देशभरातल्या जुन्या साथींच्या नोंदी, पाऊस, तापमान, हवेतला दमटपणा, जनावरांची संख्या आणि उपग्रहावरून दिसणारी हिरवळ असं सगळं एकत्र करून, पुढे दोन महिन्यांनी कोणत्या जिल्ह्यात कोणता आजार येऊ शकतो याचा अंदाज दर महिन्याला काढते. पंधरा आजारांचा अंदाज असतो. त्यात पीपीआर, मेंढ्या-शेळ्यांची देवी, आंत्रविषार, नीलजिव्हा हे आपल्या कामाचे आजारही येतात. धोका नाही, अत्यंत कमी, कमी, मध्यम, जास्त आणि अत्यंत जास्त अशा सहा पायऱ्यांत जिल्हे रंगवलेले असतात. दोन महिने हातात मिळतात, म्हणजे लस मागवायला आणि टोचायला वेळ मिळतो. कल्पना चांगलीच आहे, आणि पशुसंवर्धन खात्याला लसीचं नियोजन करायला तिचा उपयोगही होतो.

पण हा अंदाज जिल्ह्याचा आहे. सातारा जिल्ह्याचंच घ्या. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि माणमध्ये पाचशेच्या आसपास. एकीकडे कोंडलेली हवा, चिखल आणि दावणीच्या मोजक्या शेळ्या. दुसरीकडे माळरान आणि शेकड्याने मेंढरं. नकाशावर दोघांना एकच रंग. जावळीच्या माणसाला आणि दहिवडीच्या माणसाला एकच इशारा मिळतो, म्हणजे खरं तर दोघांनाही मिळत नाही.

चार आजार, चार वेगळे नकाशे

गावात सगळ्या आजारांना ‘रोग आला’ हा एकच शब्द वापरला जातो. नकाशा काढताना मात्र तसं चालत नाही, कारण प्रत्येक आजाराची चाल वेगळी असते.

पीपीआर, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांची बुळकांडी, हा सगळ्यात जास्त नुकसान करणारा. ताप १०४ ते १०६ अंशांपर्यंत जातो, डोळ्या-नाकातून आधी पाणी आणि मग घट्ट चिकट शेंबूड, तोंडात फोड, हगवण, ढास, आणि गाभण शेळ्या गाभडतात. जो कळप कधीच या आजारात सापडलेला नाही, तिथे अर्ध्याहून जास्त जनावरं जाऊ शकतात. करडं आणि कोकरं आधी जातात. माणसाला तो होत नाही. याचा विषाणू उन्हात, उघड्यावर फार काळ टिकत नाही. तो टिकतो जनावराच्या अंगात, आणि पसरतो शेजारच्या जनावराच्या शिंकेतून, खोकल्यातून, एकाच गव्हाणीतल्या चाऱ्यातून. त्यामुळे पीपीआरचा धोका जागेत कमी आणि हालचालीत जास्त असतो. जनावर जिथे जातं, तिथे तो जातो.

देवीचं उलटं. अंगावरच्या फोडांच्या खपल्या गळून पडतात आणि अंधाऱ्या, बंद गोठ्यात त्या खपल्यांमध्ये विषाणू महिनोन् महिने जिवंत राहतो. म्हणजे कळप विकून टाकला, गोठा तसाच ठेवला आणि पुढच्या वर्षी नवीन शेळ्या आणल्या, तरी आजार तिथेच वाट बघत असतो. देवीच्या नकाशात म्हणून जुने गोठे महत्त्वाचे. जाता जाता एक गोष्ट. २०२२ साली गाई-बैलांमध्ये लम्पीची साथ आली तेव्हा राज्यभर जनावरांना टोचलेली लस ही मुळात शेळ्यांच्या देवीचीच होती, कारण दोन्ही विषाणू एकाच घराण्यातले.

नीलजिव्हा चिलटांमुळे पसरते. पाऊस झाल्यावर, डबकी आणि शेणाचा चिखल साचला की चिलटं वाढतात, आणि मेंढ्यांची तोंडं सुजायला लागतात. इथे पाऊस आणि ओल हाच नकाशा. बंगळूरचं हवामानावरचं गणित या आजाराला सगळ्यात चांगलं लागू पडतं. आणि आंत्रविषार तर संसर्गाचा आजारच नाही. पहिल्या पावसानंतर कोवळा हिरवा चारा पोटभर खाल्ला की आतड्यातले जंतू वाढतात, विष तयार होतं आणि धडधाकट कोकरू सकाळी मेलेलं सापडतं. एकाचं दुसऱ्याला होत नाही, पण एकाच माळावर चरलेली चार एकाच दिवशी मरतात म्हणून साथ वाटते.

आपल्या भागात मोठा घोळ होतो तो इथेच. आंत्रविषाराची लस टोचलेली असते आणि घरमालक म्हणतो, ‘लस झालीय की.’ पीपीआरची झालेली नसते.

हिरवा रंग म्हणजे रोग नाही, की खबर नाही?

अंदाजाचा पाया जुन्या नोंदी आहेत. ज्या जिल्ह्यातून साथ कळवली गेली, तिथे पुढच्या वेळी धोका जास्त दिसतो. जिथून कुणीच कळवलं नाही तिथे कमी. म्हणजे जो तालुका प्रामाणिकपणे कळवतो तो लाल होतो आणि जो गप्प बसतो तो हिरवा राहतो. यंत्राचा त्यात दोष नाही, त्याला जे दिलं त्यावरच ते चालणार.

गप्प बसण्याची कारणंही समजून घ्यायला हवीत. मेंढपाळाचा वाडा शेतात बसलेला असतो. शेतकरी त्याला लेंडीखतासाठी बोलावतो, बदल्यात धान्य किंवा पैसे देतो. वाड्यात रोग आहे असं एकदा कानावर गेलं की पुढचं रान मिळत नाही, गावकरी हद्दीतूनही जाऊ देत नाहीत. शेळीवाल्याचं वेगळं. आजारी पडली तर निदान खाटीक निम्म्या भावात नेईल, कळवलं तर तेही हातचं जाईल, असा हिशेब असतो. त्यामुळे कळपात खोकला सुरू झाला की पहिली प्रतिक्रिया डॉक्टरला फोन करायची नसते. धडधाकट दिसणारी जनावरं बाजारात काढायची असते. आणि पीपीआरमध्ये आजार दिसायच्या आधीचे चार-सहा दिवस जनावर धडधाकटच दिसतं. साथ पसरवायला याहून सोपी पद्धत नाही.

कायदा मात्र स्पष्ट आहे. प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या २००९ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे, यादीतला आजार दिसला की मालकाने कळवायचं असतं, आणि पीपीआर व देवी दोन्ही त्या यादीत आहेत. पण कळवणाऱ्याचंच नुकसान होणार असेल तर नुसत्या कायद्याने खबर बाहेर येत नाही. लम्पीच्या वेळी राज्य सरकारने मेलेल्या गाईमागे ३० हजार, बैलामागे २५ हजार आणि वासरामागे १६ हजार रुपये मदत दिली. मदतीसाठी पंचनामा लागायचा, पंचनाम्यासाठी कळवावं लागायचं. त्यामुळे लम्पीच्या नोंदी बऱ्यापैकी झाल्या. करडू मेलं तर पंचनाम्याला कोण येतं, हा प्रश्न कोणत्याही वाडीवर विचारून बघावा.

बाहेरच्या देशांत काय झालं

हालचालीमुळे काय होतं याची दोन उदाहरणं पुरेशी आहेत. चीनमध्ये २०१३ च्या शेवटी पश्चिमेकडच्या एका प्रांतात पीपीआर आला. २०१४ च्या पहिल्या काही महिन्यांत तो वीसहून जास्त प्रांतांत पोहोचला. शेळी चालत गेली असती तर इतक्या लांब जायला वर्षं लागली असती. ती ट्रकने गेली. दुसरं ग्रीसचं. तिथे २०२४ च्या जुलैमध्ये हा आजार पहिल्यांदाच सापडला. सरकारने सगळ्या देशातली शेळ्या-मेंढ्यांची ने-आण बंद केली आणि बाधित कळप मारून टाकले. त्यांचा देश छोटा, कळपांच्या नोंदी पक्क्या, आणि भरपाईची सोय आहे. आपल्याकडे हे शक्य नाही आणि योग्यही नाही. एखाद्या धनगर कुटुंबाची सगळी पुंजी म्हणजे तो कळपच असतो.

भारतात हा आजार पहिल्यांदा नोंदला गेला १९८७ साली, तमिळनाडूत. १९९४ नंतर उत्तरेत मोठ्या साथी दिसल्या. नंतर आपल्याच शास्त्रज्ञांनी मुक्तेश्वरच्या प्रयोगशाळेत लस तयार केली, जी एकदा टोचली की किमान तीन वर्षं पुरते. २०१० मध्ये केंद्राने लसीकरणाचा कार्यक्रम सुरू केला तेव्हा पहिल्या टप्प्यातल्या राज्यांत महाराष्ट्र होता. गुरांची बुळकांडी २०११ मध्ये जगातून संपली, हे त्याच पद्धतीने झालं होतं. आता शेळ्या-मेंढ्यांची बुळकांडी २०३० पर्यंत संपवायचं जगाचं ठरलंय. लस आहे, स्वस्त आहे, मोफत टोचली जाते, बरं झालेलं जनावर पुन्हा आजारी पडत नाही. मग अडचण काय?

अडचण अशी की शेळी ही गाय नाही. तिची पिढी झपाट्याने बदलते. एका वाडीवर शंभर शेळ्या आहेत आणि एका दिवशी शंभरच्या शंभर टोचल्या असं धरू. वर्षभरात चाळीस विकल्या जातात आणि चाळीस नवीन करडं वाढतात. म्हणजे कागदावर शंभर टक्के लसीकरण झालेल्या वाडीत वर्षाने साठच सुरक्षित. साथीची साखळी तोडायला साधारण ७० ते ८० टक्के जनावरांत प्रतिकारशक्ती लागते. वाडी पुन्हा उघडी पडली, आणि रजिस्टरमध्ये मात्र ती ‘पूर्ण’ आहे. तीन-चार महिन्यांच्या करडांना दरवर्षी टोचत राहिलं तरच हे गणित जमतं.

वाडे खाली उतरतात तेव्हा

दिवाळी झाली की माण, खटाव, फलटण, आटपाडी, सांगोला या पट्ट्यातले वाडे निघतात. काही ऊसपट्ट्यात थांबतात, काही घाट उतरून कोकणात जातात, आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. नगर आणि पुण्याकडचे वाडेही याच काळात फिरतात. वाटेत पाणवठे सामाईक, रात्रीच्या मुक्कामाची रानं सामाईक. ज्या कोकणातल्या वाडीने वर्षभर एकही मेंढरू पाहिलेलं नाही, तिथल्या पाच शेळ्या अचानक पाचशे मेंढरांच्या शेजारी येतात. चालून थकलेली, चारा कमी मिळालेली जनावरं आजाराला लवकर बळी पडतात हेही आलंच.

पशुगणनेत ही मेंढरं त्यांच्या गावात मोजली जातात. २०१९ च्या गणनेत महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ६ लाख शेळ्या आणि २७ लाखांच्या आसपास मेंढ्या होत्या. नकाशा काढणारं यंत्र म्हणतं, माणमध्ये एवढी मेंढरं. पण वर्षातले सहा-सात महिने ती माणमध्ये नसतातच. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या २१ व्या पशुगणनेत पहिल्यांदाच भटक्या पशुपालकांची माहिती वेगळी घ्यायचं ठरलं, ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट. ती माहिती गावनिहाय आणि महिनानिहाय वापरली गेली तर फायदा, नाहीतर आणखी एक तक्ता.

लसीचा कार्यक्रमही गावाला धरून असतो. पथक वाडीवर येतं तेव्हा वाडा चिपळूणकडे असतो. चिपळूणच्या दवाखान्याच्या यादीत तो नसतो, कारण तो तिथला नाही. दोन्हीकडे त्याची नोंद नाही आणि दोन्हीकडे कुणाची चूकही नाही. जागतिक पातळीवर आता असं ठरतंय की पीपीआरचं नियोजन हद्दीवर न करता जनावरं ज्या पट्ट्यात फिरतात त्या पट्ट्यावर करायचं. माणदेश ते कोकण हा असाच एक पट्टा आहे. त्यात तीन-चार जिल्हे येतात आणि तेवढ्याच उपायुक्तांची कार्यालयं.

नवीन शेळीवाल्यांचाही विचार यात हवा. सरकारी योजनांमध्ये दहा शेळ्या आणि एक बोकड असा गट मिळतो, तर महामेष योजनेत २० मेंढ्या आणि एक नर. योजना चांगल्या आहेत, अनेक घरं त्यावर उभी राहिली. पण गटातली जनावरं बऱ्याचदा वेगवेगळ्या ठिकाणची, बाजारातून एकत्र केलेली असतात. वेगवेगळ्या गावची अकरा जनावरं एका दिवसात एका दावणीला आली म्हणजे तो छोटा बाजारच झाला. पंधरा दिवसांत मर सुरू होते आणि माणूस म्हणतो, शेळी आपल्याला लाभत नाही. नवीन जनावर तीन आठवडे वेगळं बांधावं, त्याचा चारा-पाणी वेगळा ठेवावा, आधी जुन्यांचं करून मग नव्यांकडे जावं, हे प्रत्येक प्रशिक्षणात सांगितलं जातं. दोन खणांच्या घरात ‘वेगळं’ कुठे बांधायचं हे सांगितलं जात नाही. शेजारच्या पडक्या घरात, मळ्यातल्या शेडमध्ये, काहीतरी सोय करावी लागते आणि ती केलेलीच बरी.

तालुक्याचा नकाशा इथेच काढता येईल

त्यासाठी उपग्रहाची गरज नाही. पशुवैद्यकीय दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये कोणत्या गावात कधी आणि किती लस झाली ते असतं. बाजार समितीच्या पावतीपुस्तकात कोण आणि कुठून आलं, ते असतं. वाडे कोणत्या वाटेने आणि कुठे मुक्काम करत जातात हे प्रत्येक गावातल्या चार म्हाताऱ्या माणसांना तोंडपाठ आहे. एका मोठ्या कागदावर तालुका काढून या तीन गोष्टी मांडल्या, तर जिथे बाजाराची वाट आणि वाड्याची वाट एकत्र येतात आणि जिथे लस दोन वर्षांत झालेली नाही, ती गावं डोळ्यांसमोर येतील. एखाद्या तालुक्यात अशी पंधरा-वीस गावं निघतील. सगळ्या तालुक्याला पुरेशी लस आणि माणसं एकाच वेळी मिळत नाहीत, तेव्हा आधी कुठे जायचं हे तरी कळेल.

वेळही त्यावरूनच ठरते. लसीनंतर अंगात ताकद यायला दोन-तीन आठवडे लागतात. वाडे दिवाळीनंतर निघतात, म्हणजे माण-खटावमधलं काम दसऱ्याच्या आत संपायला हवं. बकरी ईदच्या आधी दीड-दोन महिने लोणंद आणि आटपाडीच्या बाजारांत, आणि मुंबईच्या देवनारपर्यंत, बोकडांची आवक वाढते. परराज्यातली जनावरंही येतात. तो दुसरा धोक्याचा काळ. आणि लस थंडीतच ठेवावी लागते, एकदा पातळ केली की काही तासांत संपवावी लागते. त्यामुळे डॉक्टर येणार त्या सकाळी कळप डोंगरावर सोडला तर ती बाटली वाया जाते. गाभण शेळ्यांना ही लस चालते, पण पकडापकडीत धावपळ झाली तर गाभडायची भीती असते. गैरसमज तिथूनच सुरू होतो, की लसीने गाभडतात.

एका वेळी दोनपेक्षा जास्त शेळ्यांना ताप, नाकात शेंबूड आणि हगवण दिसली तर १९६२ या मोफत क्रमांकावर किंवा गावच्या दवाखान्यात कळवावं. डॉक्टरने नाकातला आणि डोळ्यातला नमुना घेऊन पुण्याच्या औंधमधल्या रोग अन्वेषण विभागाकडे पाठवला तरच तो पीपीआर आहे की दुसरं काही हे पक्कं होतं. नमुना मेलेल्यापेक्षा नुकत्याच आजारी पडलेल्या जनावराचा जास्त उपयोगी. इंजेक्शन मारून चार दिवस वाट बघितल्यावर घेतलेल्या नमुन्यात बऱ्याचदा काही सापडत नाही, आणि नकाशावर आपलं गाव पुन्हा हिरवंच राहतं.

राहिला कानातला बिल्ला. राज्यात जून २०२४ पासून बिल्ला नसलेल्या जनावराची बाजारात खरेदी-विक्री करता येणार नाही असा नियम झाला. बारा आकडी नंबर सरकारी ॲपमध्ये टाकला की लस कधी झाली ते दिसतं. गाई-म्हशींच्या बाबतीत हे बऱ्यापैकी रुळलं. शेळ्या-मेंढ्यांच्या बाजारात पावती अजून ‘शेळी नग एक, काळी’ अशीच फाटते. त्या पावतीवर बारा आकडे लिहायला बाजार समितीला वेगळा जीआर लागत नाही, एक रकाना वाढवावा लागतो.